काचेतली जोडी

मंडईची बोलावणी यायला लागली की माझं डोकं दुखतं. दिवाळीच्या पणत्यांतलं तेल वाळत नाही तोच फोन वाजू लागतो. ‘आमच्या गावची मंडई हाय जी, सारे जन या, मुक्कामीच या.’ आमच्या झाडीपट्टीत गावोगावच्या मंडईचे दिवस ठरलेले असतात. आज या गावात जत्रा, परवा त्या गावात. दंडारीच्या नाचगाण्याचे ढोल, जिलेबीच्या कढया, बांगड्यांची दुकानं, आणि घराघरांत सोयऱ्यांची इतकी गर्दी की कोणाच्या चपला कोणी घालून जातं. मी भंडाऱ्याकडची. लहानपणी मला मंडईइतकं दुसरं काही आवडत नव्हतं. आता बोलावणाऱ्याला मी ‘हो हो, पाहू’ म्हणते, फोन ठेवते आणि हॉलमधल्या फिशटँकपुढे जाऊन उभी राहते.

टँकमध्ये दोनच मासे आहेत. राखाडी अंगावर काळे पट्टे, तळहाताएवढेसुद्धा नाहीत. सिक्लिड जातीचे. आमच्या बाजारातला मच्छीवाला त्यांना नुसतं झेब्रा म्हणतो. मोठा तो नर, तो टँकभर फिरत असतो. लहान ती मादी. ती उजवीकडे मागच्या कोपऱ्यात, हीटरच्या नळीआड, तोंड काचेला लावून असते. आज सकाळीही तिथंच होती. मी काचेवर टिचकी मारली तरी हलली नाही. आमचे हे चहा पीत म्हणाले, "कशी मस्त जोडी जमली आता. भांडण नाही, तंटा नाही." मी म्हटलं, "तुमचं डोकं," आणि कपबशी उचलून आत गेले.

हे दिवस खरं तर चांगले असतात. आम्ही राहतो फुलचूरला, गोंदिया शहराला अगदी लागून, पण घरामागे अजून थोड्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, शिल्लक आहेत. कापणी सुरू झाली की कोंड्याचा, ओल्या तणसाचा वास खिडकीतून आत येतो आणि पडद्यांना चिकटून राहतो. धुतलेल्या कपड्यांवर धानाची कुसळं बसतात, अंगाला खाज सुटते, तरी तो वास हवासा वाटतो. सकाळी बारीक थंडी पडते. बांध्यांत लाखोरी वर आलेली असते, तिची कोवळी भाजी दारावर येते. टँकचं पाणी गार पडू लागतं, म्हणून याच दिवसांत मी हीटर लावते. त्याचा छोटा लाल दिवा पेटला की त्या वर्षीचं सगळं मला आठवायला लागतं, आणि मग भाजी निवडायला घेतली तरी हात चालत नाहीत.

टँक प्रणालीचा. प्रणाली माझी नणंद, यांची धाकटी बहीण. मी या घरात आले तेव्हा ती शाळेत जायची. माझ्या हातची पहिली पोळी तिनंच खाल्ली, आणि "वयनी, नकाशा बरा काढला," असं म्हणून खाल्ली. तेव्हापासून आमचं जमलं. पुढे ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली आणि पहिल्या पगारातून हा टँक घेऊन आली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "लोकाइच्या पोरी सोनं घेतेत, माही पोरगी मच्छ्या आनते! अन् खायच्या बी नाही!" 

मासे आणले तेव्हा लहान होते. वाढत गेले तसं त्यातल्या दोघांचं काही वेगळं चाललंय हे आम्हाला सगळ्यांना दिसू लागलं. टीव्ही चालू असला तरी आमची नजर टँकवर. मादीच्या पोटावर केशरी रंग चढला, झेंडूच्या पाकळीसारखा. माशांत सहसा नर नटलेला असतो म्हणतात, या जातीत नटते ती मादी. ती नरापुढे यायची, अंग कमानीसारखं वाकवायची आणि थरथरायची. तो शेपटीनं पाण्याचे तडाखे तिच्यावर मारायचा. ती हटायची नाही. मग एक दिवस दोघांनी एकमेकांचं तोंड तोंडात धरलं आणि ओढाओढ सुरू झाली.

सासूबाई लाजल्या. "आई गं! हे पाय ना, पप्प्या घेऊन रायले! त्या काचेवर टावेल टाका कोनी."

प्रणाली हसून हसून खाली बसली. "पप्पी नाही वं आई. जोर पाहून राहिले एकमेकांचा. जो पहिले सोडते तो हरला."

"मंग लगन कवा होते त्याइचं?"

"कोनीच नाही सोडलं तर."

त्या दिवशी कोणीच सोडलं नाही. प्रणालीनं बाकीचे मासे मच्छीवाल्याला परत दिले आणि दिवाळीतलं एक मातीचं बोळकं पाण्यात आडवं ठेवून दिलं. दोघांनी मिळून ते आतून चाटूनपुसून साफ केलं, तोंडात वाळू भरभरून बाहेर नेऊन टाकली, आणि त्यात संसार थाटला. पिल्लं झाली तेव्हा पाण्यात धूळ हलावी तशी दिसत होती. मादी त्यांच्यावर पर हलवत राही आणि नर बाहेर पहारा देई. मी काचेजवळ बोट नेलं तरी माझ्या अंगावर धावून यायचा. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. बापमाणूस असावा तर असा, असं मी यांच्याकडे बघून मुद्दाम मोठ्यानं म्हणायची.

प्रणालीची सोयरीक मंडईतच जमली. आमच्याकडे मंडईत पोरगी पाहायची एक रीत आहे, ती म्हणजे तिला कळू द्यायचं नाही. बांगड्यांच्या दुकानापाशी ती उभी असते, आणि समोर भज्यांच्या गाड्यावर कोणाची तरी मावशी कोणाला तरी सांगत असते, ‘ते पाय, पिवळ्या डरेसवाली.’ निखिलनं तिला असंच पाहिलं. घर सालेकशाकडचं, धानाची शेती, पोरगा एकुलता एक, आणि गोंदियातल्या एका राईस मिलवर सुपरवायझर. यायचा तो जिलेबीचा पुडा घेऊन. टँकपुढे उकिडवा बसून माशांबद्दल विचारायचा. एकदा माशांच्या दाण्यांचा डबा घेऊन आला. सासूबाई म्हणाल्या, "पोरगा मुक्या जीवाचं पायते, तं बाईमानसाचं नाही पायनार का?" मला स्वतःलाही तो आवडला होता, हे सांगून टाकते. आधीपासून मला सगळं कळत होतं असा आव मी आणणार नाही.

लग्न झालं. जाताना तिनं मला टँक सोपवला. "वयनी, पानी एकदम पूर्ण नको बदलू. अन् मादीचा रंग उतरला का मला फोन कर." सासरी निघालेली पोर कोणाकोणाच्या गळ्यात पडून रडते, ही माशांच्या सूचना देत होती. आम्ही हसलो.

पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली, ती परत जायचं नाव घेईना. भाऊबीज झाली तरी बॅग भरली नाही. निखिलचा फोन आला की उठून मागच्या अंगणात जायची आणि परत आली की थेट टँकपुढे बसायची. विचारलं तर म्हणायची, "राहतो ना चार दिवस, काऊन जड झालो का?" (आमच्याकडच्या बायका येतो-जातोच म्हणतात.) एका दुपारी आम्ही वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. सासूबाई झोपल्या होत्या. मी सरळ विचारलं, "मारते का तो?"

"मारते," ती म्हणाली. शेंगा सोलणं थांबवलं नाही. "कोनाचा फोन होता विचारते, मग हात उचलते. मग रडते, पाया पडते, जिलेबी आनते. पन मारन्याचं नाही एवढं, वयनी."

मारण्याचं नाही एवढं! मला इतका राग आला की हातातली शेंग मी परातीत आपटली. "मग कशाचं आहे?"

तिनं आणखी एक शेंग सोलली. मग म्हणाली, "त्या घरात मी कुठंबी बसलो तरी कोनाच्या तरी जागेवर बसतो. खाटेवर बसलो तर ते सासऱ्याची. वट्यावर बसलो तर सासूची. खोलीत गेलो तर आवाज येते, बाहेर ये. पानी प्यायचा गिलास बी ठरलेला हाय. चुलीपुढे बसलो तेवढीच जागा माही."

एवढं बोलून तिनं सोललेले दाणे वाटीत घातले. माझ्या मनात आलं, मीही सून म्हणूनच या घरात आले. मला माझी जागा मिळायला किती दिवस लागले, आणि ती कधी मिळाली हे मला आठवत का नाही? मिळाली होती की सवय झाली होती, देव जाणे.

त्याच दिवसांत टँकमधलं बिघडलं. पिल्लं मोठी झाली तशी मच्छीवाल्याला देऊन टाकली होती. राखण करायला काही उरलं नाही आणि नराचा सगळा जोर मादीवर निघायला लागला. ती बोळक्याजवळ आली की तो तिच्या अंगावर जायचा. वरून दाणे पडले की आधी तिला हाकलायचा, मग खायचा. तिचे पर फाटून चिंध्या झाले. केशरी रंग आधी फिका पडला, मग गेला. सासूबाई म्हणायच्या, "संसार म्हनलं का भांड्याले भांडं लागतेच." प्रणालीनं ऐकलं. उठली, जाळी घेतली, आणि मादीला काढून कपडे भिजवायच्या निळ्या टपात सोडलं.

त्या टपात ती मादी काय फिरली! पहिला दिवस तळाशी बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बरोबर मधोमध पोहत होती. कुठं लपायला नाही, आडोसा नाही, आणि तिला त्याची गरजच नव्हती. आठवड्याच्या आत पोटावर केशरी झाक परत आली. प्रणाली मला हाक मारून मारून दाखवायची. त्या दिवसांत तीही जेवायला लागली. एकदा तर माझ्या आमटीला नाव ठेवलं. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

"मग आता सोडायची का हिला परत?" मी विचारलं.

"अशीच नाही," ती म्हणाली. "अशीच सोडली तर मारून टाकते तो. पहिले नराला बाहेर काढायचं. सारे दगड हलवायचे. बोळकं ह्या टोकाचं त्या टोकाला. मग मादीला आधी सोडायचं, अन् तिची जागा पक्की झाली का मग त्याला. त्याला वाटलं पाहिजे का हे जागा नवीन हाय, दोघांसाठी बी. नाही तर सारं त्याचंच असते. तो आपला दगड पायते अन् मारते."

मग बराच वेळ टपाच्या काठावर बोट फिरवत राहिली. "वयनी," ती म्हणाली, "निखिल गोंदियातच तर येते कामाले, रोज. इथं एक खोली केली तर? रिकामी खोली. त्याची बी नाही, माही बी नाही. तर मी जातो. मी सोडून देतो नाही म्हनत, मी जातो म्हनतो."

एवढंच मागणं होतं तिचं. काडीमोड नको, पोलीस नको, कोणाची नाचक्की नको. एक रिकामी खोली पाहिजे होती. मला वाटलं, याला कोण नाही म्हणेल? मी रात्री यांच्याशी बोलले. हे म्हणाले, "मंडईत सारे सोयरे येतात. जावई बी येईल. चार लोकांत विषय काढू, म्हणजे पक्कं होईल." आमच्याकडे हीच पद्धत आहे. घरातलं घरात सुटत नाही ते मंडईच्या पंगतीनंतर, सुपारी कातरता कातरता, चार लोकांत सोडवायचं. चार लोकांत झालेला शब्द कोणी मोडत नाही, असं म्हणतात.

आमची मंडई यांच्या गावी, चुलत सासऱ्यांच्या घरी. आम्ही सगळे सकाळीच निघालो. मी साड्यांच्या घड्या आणि डबे यांत गुंतले होते. प्रणालीनं पिवळी साडी नेसली होती. सासूबाई सगळ्यात शेवटी घराबाहेर आल्या, पदराला हात पुसत. आमच्या लक्षातही आलं नाही.

पंगत उठली. अंगणात खुर्च्या मांडल्या. निखिल मधल्या खुर्चीवर, नवीन शर्ट, मोठ्यांच्या पाया पडून झालेलं. गावातून दंडारीचा ढोल ऐकू येत होता. मोठे काकाजी, म्हणजे माझे चुलत सासरे, म्हणाले, "हं, बोला, काय अडलं?" यांनी घसा खाकरला आणि जमिनीकडे पाहिलं. पुन्हा घसा खाकरला. मला कळून चुकलं की हा माणूस काही बोलत नाही. मग मीच दारातून पुढे झाले आणि सगळं सांगितलं. मारतो हे सांगितलं. खोलीचं सांगितलं.

एक आतेसासू आतून म्हणाल्या, "नवल हाय माय! भावजयीले ननद डोऱ्यात खुपते, अन् हे म्हनते ठेवून घ्या. फुकटची कामाले सापडली वाटते." बायका हसल्या. काकाजी म्हणाले, "सूनबाई, तू आत जा. येगळी खोली? एकुलता एक पोरगा, मायबापाले सोडून? धान कोन पायनार?" मी म्हटलं, "काकाजी, तो रोज गोंदियाला येतोच ना." ते म्हणाले, "सुनेनं सुनेसारखं राहावं."

तेवढ्यात निखिल उठला. हात जोडले. अगदी नम्र. "काकाजी, मी नाही कुठं म्हनलो? चुकलं माझं, रागात होते मानसाकडून. घेऊ ना खोली. फक्त हे धान निघू द्या."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. वा, पोरगा समजदार हाय! आमच्या यांच्या तर चेहऱ्यावर रंग आला. प्रणाली खांबाला टेकून उभी होती. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "धान निघालं का खोली घेशीन?"

"घेईन ना," निखिल म्हणाला. "चार लोकांत सांगून राहिलो."

ती तिथूनच गेली. मंडईला आलेला जावई परत जाताना बायकोला इथं ठेवून गेला तर चार लोक काय म्हणतील? बॅग मागून पाठवू असं ठरलं. गाडीवर बसण्याआधी माझ्याजवळ आली. "वयनी, मादीला टपातच ठेव. मी येतो अन् दगड बदलतो." मी तिच्या हातात जिलेबीचा पुडा दिला. का दिला, माहीत नाही. हातात तोच होता.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी आधी मागच्या अंगणात गेले. टप रिकामा होता. नुसतं पाणी. मी ओरडलेच. सासूबाई देव्हाऱ्यापुढून उठून आल्या, त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला पुढे बोलवेना.

"मीच सोडलो सकारी तिले तिच्या घरी," त्या म्हणाल्या. "घरात जोडी फोडून ठेवली होती तुमी दोघीनं, म्हनून तं माही पोरगी बसली होती. देवाले दिवा लावलो अन् वाटीनं उचलून सोडलो. अन् पाय, कसं जमलं!" डोळे पुसत होत्या. पोरीवर त्यांचा जीव होता, तो कमी होता असं मी कधीच म्हणणार नाही.

मी टँकचा दिवा लावला. सगळे दगड होते तिथंच होते. बोळकं तिथंच. नर बोळक्याच्या तोंडाशी उभा. मादी दिसेना. मग दिसली, हीटरच्या नळीमागे, कोपऱ्यात, उभी अडकल्यासारखी. शेपटीचा अर्धा भाग नव्हता. कल्ले हलत होते म्हणून जिवंत आहे हे कळलं. मी जाळी उचलली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "नको माय. पाया पडतो तुह्या. आता फोडशीन तं पोरगी पुन्हा परत येईन."

मी असलं काही मानत नाही. बारावीला मला विज्ञान होतं. पण पोरीच्या संसाराचा प्रश्न, म्हातारी माझा हात धरून रडतेय, आणि खरं सांगू का, माझाही हात धजेना. मी जाळी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी दगड मी हलवले, बोळकंही हलवलं. नरानं एक चक्कर मारली आणि सगळं पुन्हा आपलं करून घेतलं. एकदा हरलेलं माणूस समोर असलं की जागा नवी करून भागत नाही. प्रणाली असती तर तिला हे आधीच कळलं असतं.

मादी जगली, हे सगळ्यात वाईट. मेली असती तर मी रडून मोकळी झाले असते. शेपटी हळूहळू भरली, रंग मात्र आला नाही. तिनं एक शोधून काढलं: हललं नाही तर तो येत नाही. म्हणून ती हलत नाही. येणारे-जाणारे म्हणतात, किती शांत जोडी आहे तुमची. 

त्या वर्षी धान निघालं. प्रणालीला फोन केला तर म्हणाली, आता उन्हाळी धान लावून राहिले, ते निघालं का. उन्हाळी निघालं, तर पुढच्या धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे आले. मग रोवणी, निंदण, कापणी. आमच्या जिल्ह्यात धान कधी संपलंय? एक बांधी मोकळी होत नाही तर दुसरीत पाणी सोडतात. सुरुवातीला ती फोनवर मादीचं विचारायची. मी म्हणायची, आहे, खाते. मग विचारणं बंद झालं. मी खोलीचं विचारायची. मग तेही बंद झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काही एकीलाच बसत नाही, ऐकणारीलाही बसतो. हे कोणाला सांगायचं?

आज दुपारी ती आली. इकडच्याच एका गावी मंडई होती, जाता जाता दोघं आमच्याकडे थांबले. निखिल गाडीतून उतरलाच नाही, फोनवर बोलत होता. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. "खूश हाय ना माय?" ती म्हणाली, "हो आई." शेजारची बाई म्हणाली, "पोरगी किती शांत झाली नाही?" मी पाणी दिलं. तिनं गिलास घेतला आणि उभीच राहिली. मी म्हटलं, "बस ना." तिनं सोफ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "राहू दे, बरी आहो." स्वतःच्या माहेरी, जिथं ती पाय पसरून लोळायची त्या हॉलमध्ये, तिला कुठं बसावं ते कळत नव्हतं.

मग ती टँकपुढे गेली. नर तिच्या अंगावर धावून आला, काचेला धडकला. ती वाकून कोपऱ्यात पाहत होती. मी तिच्या मागे जाऊन हळूच म्हटलं, "राहून जा. गाडी निघून जाऊ दे. या वेळी मी चार लोकांना विचारत नाही. तुझ्या भावालाही विचारत नाही. आणि हिलाही आत्ता टपात टाकते, कोणी माझा हात धरून दाखवू दे." मला रडायला येत होतं. मी पदर तोंडात धरला.

प्रणाली मादीकडे पाहत राहिली. "खाते का?" तिनं विचारलं.

"तो त्या टोकाला गेला की टाकते मी. खाते."

"मग राहू दे, वयनी. नको काढू आता."

"काऊन?"

"पहिले काढली होती तेव्हा तिला मधोमध पोहता येत होतं."

बाहेर हॉर्न वाजला. एकदाच वाजला, फार मोठ्यानंही नाही. तिनं गिलास टीपॉयवर ठेवला, पदरानं त्याखालचा ओला गोल पुसला. सासूबाईंच्या पाया पडली. दारातून वळून मला म्हणाली, "धान निघालं का येतो." तेच शब्द. त्याचेच. गाडी गेली आणि मागे तणसाचा वास तेवढा उरला.

माझं डोकं फिरलं. मी मागं गेले, निळा टप घासला, पाणी भरलं, जाळी घेतली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी माझा हात धरला नाही. कोपऱ्यातून मादीला काढताना ती धडपडलीसुद्धा नाही. टपात सोडली.

टप गोल. त्याला कोपरा कुठून असणार? ती काठाला लागून फिरायला लागली. एक फेरा, मग दुसरा, थांबेचना. मधलं सगळं पाणी मोकळं होतं, तिकडे एकदाही गेली नाही. जाळी मी टपातच विसरले होते, तिचा दांडा काठाला तिरपा टेकला होता. ती त्या दांड्यामागे गेली, तोंड प्लास्टिकला लावलं, आणि तिथं थांबली.